राखून ठेवलेला डोंगर

शेजाऱ्यांनी वर्षभर राखून ठेवलेला डोंगर मी, ते आतून चहा करून आणेपर्यंत, चढून उतरलोसुद्धा.

डोंगर व्हिडिओ गेममधला. शेजारी यंत्रमाग दुरुस्त करतात आणि सुट्टीच्या दिवशी टीव्हीसमोर मांडी घालून त्या गेममधल्या मुलखात हिंडतात. नकाशा उघडत नाहीत. घोडा असून पायी चालतात. “घोड्यावरनं झाडं दिसत न्हाईत, मास्तर.” मंगळवेढ्याला बहिणीकडे जातानाही एसटीतून एक थांबा आधीच उतरतात. पुढे काय असेल, असं विचारलं की एकच उत्तर, “बघू की!” धुक्यातल्या त्या एका डोंगराला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. “त्यो दिवाळीला,” म्हणायचे.

वर खजिना असणार, या खात्रीनं मी घोडा दामटला होता. ते कपबशा घेऊन आले, पडद्याकडे बघितलं, पण रागावले नाहीत. सकाळी सेव्ह केलेल्या जागेवरून त्यांनी गेम पुन्हा सुरू केला. तेव्हापासूनची त्यांची सगळी पायपीट पुसली गेली, पण डोंगर पुन्हा धुक्यात गेला.

मी ओशाळलो आणि समजूत काढायला जाऊन दुसरी चूक केली. “वर काही नाही हो. नुसतं एक दगडी बाकडं आहे.”

“बसला का त्यावर?”

“छे! काही मिळेना, म्हणून लगेच उतरलो.”

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

“मग तुमी वर गेलाच न्हाई की, मास्तर.”