दोन ओळींची पाटी

बहात्तरच्या दुष्काळात उदगीरकडच्या तलावाच्या कामावर जगदेवी खडी फोडायची. माहेर बिदरकडचं, सासरीही घरात कानडीच. मराठी अजून अडखळत होतं. दुपारच्या सुट्टीत गावच्या शाळेतल्या तारामतीबाई लिंबाखाली बायांना शिकवायच्या. अंगाची लाही व्हायची, पण ती तासाभराची सावली जगदेवीला पुढं जन्मभर आठवत राहिली.

ती धडा घडाघडा म्हणायची. पाटी पुढं आली की मात्र हात आखडायचा.

"पाठ झालाय गं तुझा धडा, वाचता कुठं येतंय?" बाई म्हणाल्या. "सकाळी सासूला काय बोललीस?"

"नीर इल्ला. पाणी न्हाई म्हणून."

"मग तेच लिही. आपल्या मराठी अक्षरांत."

तिनं वेडंवाकडं लिहिलं. बाईंनी खाली मराठीत लिहायला लावलं, 'पाणी न्हाई'.

शेजारची केवळाबाई हसली, "दोनदा लिहून तरी येतंय का बघा पाणी!"

बाईंनाही हसू आवरेना. पण तेव्हापासून जगदेवीची पाटी तशीच: वर घरचं, खाली शाळेचं. आज लिहिलेलं उद्या वाचता येऊ लागलं, आणि वाचलेला नवा शब्द हातात उतरू लागला.

दहा वर्षांनी लातूर नवा जिल्हा झाला. गावात बालवाडी निघणार होती. तिथल्या बाईची जागा जगदेवीला मनापासून हवी होती. इष्टलिंगाची पूजा करून, कपाळाला विभूती लावून ती मुलाखतीला लातूरला गेली.

"गावाबद्दल दहा ओळी लिहा," साहेब म्हणाले.

भीतीनं डोकं बंद झालं, हात मात्र सवयीनं चालत राहिला. कागद दिल्यावर तिच्या ध्यानात आलं, ओळी वीस झाल्यात.

"हे वरचं काय हो, बाई?" साहेब नांदेडचे, त्यांना कानडी कळेना.

"चुकलं, साहेब. मला असंच लिहाया येतंय."

"वाचा बरं."

तिनं दोन्ही वाचलं. कुठंच अडखळली नाही.

"लेकरं घरी कोणतं बोलतात?"

"वरलं. खालचं त्यांना शिकवावं लागतंय."

साहेबांनी कागद परत दिला नाही, फाईलला लावला.

महिन्यानं पाकीट आलं.

"एन बरदार?" सासू गुरम्मानं विचारलं, काय लिहिलंय म्हणून.

जगदेवीनं मराठीत वाचलं, कानडीत सांगितलं. म्हातारीनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

बालवाडीच्या पहिल्याच दिवशी तिनं तारामतीबाईंना पत्र टाकलं. बाईंना कानडी यायचं नाही. तरी जगदेवीनं वरची ओळ सोडली नाही.