गणपतीच्या बेंबीचा प्रश्न

मातीच्या पोकळ मूर्तीत अडकलेल्या ओलाव्याची भट्टीत वाफ होते आणि वाट न मिळाल्यास मूर्ती फुटते. भौतिकशास्त्र शिकल्यामुळे हे मला तोंडपाठ आहे. आमच्या सोसायटीच्या देवदेवतांच्या कलाप्रदर्शनासाठी मी घडवलेल्या गणपतीलाही छिद्र पाडणे अपरिहार्य होते. पट्टीने मोजून मी बेंबीची जागा निश्चित केली, सुई टेकवली आणि हात थबकला. देवाच्या पोटात सुई खुपसायची?

शेजारी संकष्टीचा उपास कधीही न मोडणाऱ्या सुमनकाकू मारुती घडवत होत्या.

"काकू, तुम्ही पाडता का छिद्र?"

"अगं, एवढी शिकलेली तू, आणि घाबरतेस? हा भट्टीत फुटला तर माझ्या मारुतीलाही घेऊन फुटेल." त्यांनी सुई घेतली. "बाप्पा, जरा पोट आत घ्या." आणि क्षणात छिद्र पाडले.

श्रद्धेने माणूस बिचकतो, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ज्याच्याशी रोजचे बोलणे असते, त्याला हक्काने टोचता येते. माझी देवाशी ओळख केवळ परीक्षेपुरती, म्हणून एवढी भीड.

मूर्ती वाळवून भाजल्यावर, पंधरा दिवसांनी भट्टी उघडली. गणपती अखंड होता. मी हात जोडले आणि प्रथमच काही न मागता विचारले, "फार दुखलं का?"