पायाच्या सोनोग्राफीवाल्या बाई

परळीत पायाच्या शिरांची सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाई सगळ्यांना मामाच म्हणत. मी दूध सोसायटीचा चेअरमन असल्याचं दर खेपेला त्यांना ऐकवायचो. त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "नीट उभं ऱ्हावा मामा, पोटरी दाबते." मग माझ्या फुगलेल्या शिरांतलं उलटं वाहणारं रक्त पडद्यावर लाल-निळं दिसायचं आणि माझा रुबाब उतरायचा.

एका दुष्काळी साली मी रांग मोडून आत घुसलो. पायाला जेल लावून झालं, तेवढ्यात बाईंना दारात एक ऊसतोड करणारी बाई दिसली. तिच्या घोट्यावरची जखम वाहत होती.

"उतरा मामा. तुमच्या शिरा नुसत्या दिसतेत, तिला चालता येईना."

मी चिकट पायानं बाहेर थांबलो. तिला तपासून झाल्यावर बाईंनी मलाच फर्मावलं, "जीप हाय ना? हिला सिरसाळ्याला सोडा. पाय वर ठेवू द्या."

वाटेत मागच्या सीटवरून तिनं विचारलं, "भाऊ, गाडी कुणाची?"

"दूध सोसायटीच्या चेअरमनची."

"लई भला माणूस हाय."

चेअरमन झाल्यापासून असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं, आणि मी ड्रायव्हर होऊन बसलो होतो.