लाटण्याची मूठ

जामबागेतल्या मुलींच्या मराठी शाळेला एक मोटार होती आणि त्या मोटारीवर मालनबाई होती. मुलींना हाताला धरून चढवायचं, उतरवायचं, कुणाची रिबीन सुटली तर बांधायची आणि दोरी ओढून घंटी द्यायची, हे तिचं काम. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मोटार चालवायचे तिचे यजमान, नामदेवराव. घरात त्यांच्यापुढे तिनं कधी आवाज चढवला नाही, पण मोटारीत तिच्या घंटीशिवाय चाक हलत नसे. शाळेच्या मागच्या खोलीत दोघं राहायची.

बाई तशी भित्रीच. रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षी लग्न होऊन नांदेडकडून येताना त्यांची मोटार भर रानात बंद पडली होती. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, अशी ती नवी नवरी अंधारात पदर तोंडात धरून बसली होती. काही झालं नाही, सकाळी दुसरी गाडी आली. पण ते रान तिच्या मनातून काही गेलं नाही.

त्यात ते वर्ष हैदराबाद राज्य मोडण्याचं. नोव्हेंबर लागला की मराठी जिल्हे मुंबईकडे जाणार, शहर आंध्रात राहणार. ज्याच्या त्याच्या ओट्यावर एकच बोलणं, तुमचं काय, जाणार की राहणार? शाळेतल्या मुली गळायला लागल्या. शाळेचे सेक्रेटरी हिम्मतराव वकील एकदा सगळ्यांसमोर बोलून गेले, "मोटार ठेवायची का विकायची, ते दसरा झाल्यावर बघू." मोटार गेली म्हणजे दोघांची नोकरी गेली, खोलीही गेली. गावाकडं आता कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून देवापुढं दिवा लावताना मालनबाई एवढंच म्हणायची, "देवा, दसरा नीट जाऊ दे."

खंडेनवमीला मोटारीची आणि हत्यारांची पूजा झाली. पाने, पक्कड, जॅक, सगळं घासून पाटावर मांडलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली. एकदा पूजा झाली की दसऱ्याला सीमोल्लंघन करून सोनं वाहीपर्यंत त्या हत्यारांना कुणी हात लावायचा नाही, ही तिथली रीत.

दसऱ्याच्या सकाळी मालनबाई पुरणपोळीला बसली आणि लाटणं हातात घेऊन बघतच राहिली.

"अहो, लाटण्याची एक मूठ कुठं गेली?"

नामदेवराव सदऱ्याची बटणं लावायला लागले.

"उंदरानं खाल्ली म्हणावं, तर कापल्यासारखी दिसते. आणि विळीची धार कशानं गेली?"

"हळू बोल." त्यांनी दार लोटलं. "मोटारीला लावली."

"लाटण्याची मूठ? मोटारीला?"

मग सगळं बाहेर आलं. इंजिनाच्या पोटाखाली ऑइलचं चेंबर असतं, त्याच्या बुडाला एक नट. जुनं ऑइल सोडायचं ते तिथून. काल पूजेआधी त्यांनी ऑइल बदललं. नट परत बसवत होते, तेवढ्यात मुली ओरडल्या, "नामदेवकाका, वकीलसाहेब आले, पाने द्या पूजेला!" मागं तो नट पाझरत होता, म्हणून या वेळी पान्याला पाइप अडकवून घाईघाईत सगळा जोर लावला. नट घट्ट झाला, घट्ट झाला, आणि एकदम सैल फिरला. चेंबरच्या भोकातले आटेच गेले. पाने तर पाटावर गेलेले. मग विळीवर मूठ तासली, चिंधी गुंडाळली आणि दगडानं ठोकून बसवली.

"हबीब मिस्त्रींकडं जायचं होतं ना!"

"वकीलसाहेबांची गाडी दुरुस्तीला त्यांच्याकडंच असते. संध्याकाळपर्यंत बातमी पोचली असती. आणि पूजेतले पाने उचलले असते, तर तुला चाललं असतं?"

"पाने चालत नाहीत, माझं लाटणं चालतं होय!"

"लाकूड आहे, फुगून घट्ट बसेल. आजचा दिवस निघू दे. कुणाला बोललीस तर माझ्या गळ्याची शप्पथ."

मालनबाईचं सगळं चित्त त्या शप्पथेत अडकलं. एका मुठीच्या लाटण्यानं पोळ्या वाकड्यातिकड्या झाल्या. तिला ते दिसलंही नाही.

दुपारी वसतिगृहाच्या मुली नटूनथटून मोटारीत बसल्या. दिलसुखनगरच्या पुढं तेव्हा शेतंच होती. तिथल्या बांधावरच्या शमीपर्यंत जायचं, सोनं घेऊन दिवे लागायच्या आत परतायचं, असा दरवर्षीचा बेत. पुढच्या बाकावर वसतिगृहाच्या इंदुताई बसल्या. त्यांच्या नजरेला मास्तरसुद्धा भ्यायचे. मालनबाई मागं दारापाशी, दोरी हातात धरून. मोटारीत आज एक पानासुद्धा नाही, हे तिला आणि नामदेवरावांनाच ठाऊक.

नदी ओलांडली. गंगू नावाची एक चिमुरडी तिच्या मांडीशी रेलली.

"मालनबाई, तुमचा हात थरथर कापतोय."

"मोटार हलतीय बाळ."

"मोटार तर थांबलीय!"

खरंच, पुढं बैलगाड्या आडव्या आल्या होत्या. मालनबाईनं दारातून वाकून मागं पाहिलं. रस्त्यावर काळ्या थेंबांची ओळ होती, जामबागेकडून त्यांच्यामागं चालत आल्यासारखी. बघता बघता मोटारीखाली आणखी एक थेंब पडला. मग आणखी एक.

गाड्या सरल्या, मोटार निघाली. मलकपेठ मागं पडायला लागली, घरं विरळ झाली. मालनबाई देवाचं नाव घेत होती आणि थेंब बघत होती. थेंबांमधलं अंतर कमी होत चाललं होतं. ऑइल संपलं की इंजिन आतून जाम होऊन धरणार, एवढं तिलाही कळत होतं. धरणार कुठं? पुढं, रानात. दिवे लागायच्या वेळी. तिला ते जुनं रान आठवलं, तोंडात पदराची चव आली. एकीकडं नवऱ्याच्या गळ्याची शप्पथ, नोकरी, खोली. दुसरीकडं गंगूचं डोकं मांडीवर.

"देवा, शप्पथ माझ्यावर घे, त्यांच्यावर नको," ती पुटपुटली आणि दोरी ओढली.

एक घंटी.

मोटार थांबली. नामदेवरावांनी मान वळवली. "काय झालं?"

ती दारातून खाली बघत राहिली.

"मालन, दोन दे."

तिनं दोरी सोडून दिली. ते उतरून मागं आले, दबक्या आवाजात म्हणाले, "पोचतो गं आपण. शप्पथ घातलीय मी तुला."

"तुम्ही खाली वाकून बघा आणि मग म्हणा पोचतो."

ते वाकले नाहीत. इंदुताई मात्र उठून आल्या. "काय कुजबुज चाललीय?"

मालनबाई पुढं झाली. "ताई, मोटारीला खाली नट नाही. माझ्या लाटण्याची मूठ आहे. आणि ती निघत आलीय."

इंदुताईंनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग रस्त्यावरच्या काळ्या ओळीकडं. कुणालाच हसू आलं नाही. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मुलींनो, उतरा. आज सीमोल्लंघन इथंच."

"पण ताई, सीमा तर पुढं आहे!"

"सीमा कुठं आहे, ते सरकारलाच अजून नीट उमगेना. आज आपली सीमा इथं."

रस्त्याच्या कडेला एक तेलुगू बाई जम्मीची पानं घेऊन बसली होती. जम्मी म्हणजे आपली शमीच. मुलींनी ओंजळी भरून तिचं सोनं घेतलं आणि गाणी म्हणत पायी परतल्या. मालनबाई सगळ्यांच्या मागं चालत होती. उजेड होता, मुली सगळ्या होत्या, तरी ती त्यांना पुन्हा पुन्हा मोजत होती. शप्पथ मोडली म्हणून आज रात्री यांना काही होणार नाही ना, उद्या आपलं बोचकं बाहेर पडणार नाही ना, हेच मनात.

मोटार बैल जुंपून शाळेत आणली. हत्यारांवर सोनं वाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हबीब मिस्त्री आले आणि त्यांच्या पाठोपाठ हिम्मतराव वकील. मालनबाई दाराआड उभी राहिली.

मिस्त्रींनी मूठ उपसली. उरलंसुरलं ऑइल घमेल्यात सोडलं. मग भोक थोडं मोठं करून ते नवे आटे पाडायला लागले. हत्याराला ग्रीस लावायचं, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो, आत पडत नाही. जरा पुढं फिरवायचं, जरा मागं. शेवटी घासलेटनं चेंबर धुऊन काढलं आणि पितळेचा जाडसर नट तांब्याच्या वायसरसकट बसवला.

"हात से कसो मियाँ," ते नामदेवरावांना म्हणाले. "इसपे पैलवानी नक्को."

हिम्मतरावांनी ती काळी पडलेली मूठ उचलून पाहिली. "नामदेवराव, नुसती मूठच? पोळपाट राहिलाच की लावायचा."

नामदेवराव घमेलं उचलून बाजूला ठेवायला लागले. बाजूला उभ्या असलेल्या इंदुताई म्हणाल्या, "वकीलसाहेब, मोटार विकायची तर विका. पण ठेवणार असाल, तर घंटी मालनबाईच्याच हातात राहू द्या. नाहीतर मी मुली पाठवणार नाही."

वकीलसाहेबांनी मूठ खाली ठेवली आणि रुमालाला हात पुसले. दाराआड मालनबाईनं देवाचं नाव घ्यायचंही थांबवलं होतं.

"ठेवू," ते म्हणाले. "जितक्या मुली राहतील, तितक्यांसाठी ठेवू."

नामदेवराव तिच्याशी आठवडाभर धड बोलले नाहीत. मग एक दिवस लाटण्याला नवी मूठ बसवून आणली आणि चुलीपाशी ठेवून गेले. ती थोडी हलायची. तिनं तसं कधी सांगितलं नाही.

मालनबाईची भीती मात्र गेली नाही. पुढं वर्षानुवर्षं, मुली चढायच्या आधी ती मोटारीपुढं गुडघे टेकून वाकायची, हात आत घालायची आणि मग तो हात कपाळाला लावायची. मुलींना वाटायचं, बाई मोटारीच्या पाया पडतात. ती नटाखाली बोट फिरवून बघत असे. बोट कोरडं निघालं की मगच कपाळाला लावायची आणि दोन घंट्या द्यायची.