बिल्डिंगच्या पोटातला वारा

लाल पाइपाला कान लावायचा, गॅसने पोट फुगलेल्या पोराच्या पोटावर मारतात तशी थाप मारायची आणि डोळे मिटून निदान सांगायचं, "वारा हाय हिच्या पोटात." हे आमच्या नवघरच्या बिल्डिंगचे पंपवाले काका. मूळ राई गावचे. आवाज असा, की गच्चीवरून वॉचमनला हाक मारली की खाडीतल्या होड्या माघारी फिरायच्या.

रोग मात्र खरा होता. आगीच्या फवाऱ्यांच्या पाइपात हवा अडकली होती. पंप चालू झाला की ती दबायची, पाणी मागेपुढे उसळायचं आणि आग नसताना आगीची घंटा वाजायची. पहिल्यांदा आम्ही जीव घेऊन पळालो. नंतर नंतर घंटा वाजली की लोक चहाचं आधण ठेवायला लागले. शेवटी मीटिंगमध्ये ठरलं, रविवारी घंटेची वायरच कापायची.

"कापा ना!" काका गरजले. "आग लागली का मी येतो एकेकाच्या कानात सांगाया, शेट, उठा, तुमी जलताय!"

हवा सोडायची तोटी शेवटच्या मजल्यावर, पाइपाच्या टोकाला. तिथल्या वहिनींनी ती पीओपीच्या छतात गाडून खाली झुंबर टांगलेलं. काका गेले की दारातूनच उत्तर, "माझ्या छताला हात लावायचा नाही."

रविवारी वहिनींच्या मुलीला बघायला पाहुणे आले. खाली वायरमन पक्कड घेऊन हजर. काकांनी नेमका तोच मुहूर्त धरला. शिडी खांद्यावर घेऊन सरळ हॉलमध्ये. "पावनं, तुमी पोहे खा. आमचं घरचंच काम हाय."

पाहुण्यांना वाटलं, मुलीचे मामा. त्यांच्यासमोर वहिनींना ओरडता येईना. त्या नुसत्या हसत होत्या, दात आवळून.

काकांनी छत फोडलं, तोटी फिरवली. असा काही लांबलचक आवाज निघाला, की तिकडे मोरवा गावात जेवायला बसलेल्या नवराबायकोंनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं. मग फुरफुर, मग काळं, कुजकट पाणी. मुलाच्या वडिलांनी बादली धरली होती! पाण्याची सलग धार लागेपर्यंत काकांनी तोटी सोडली नाही. मग खिडकीतून ओरडले, "चालव रे पंप!"

पंप चालला. घंटा गप्प. वायरमन आला तसा परत गेला. लग्नही जमलं. वहिनी म्हणायच्या, काकांमुळे मोडता मोडता राहिलं. काका म्हणायचे, "पोरीच्या सासऱ्याला बादली धराया मीच शिकवलं."

काका गेले त्याला बरेच दिवस झाले.

परवा भरदुपारी तिसऱ्या मजल्यावर पडदा पेटला. त्याच्यावरचा छतातला फवारा फुटला, लगेच पाणी आलं, घंटा घणघणली आणि अख्खी बिल्डिंग पळत खाली उतरली. कुणाला साधा चटकाही बसला नाही. अंगणात उभे राहून आम्ही पंपरूमकडे बघत राहिलो. आतून कुणी खेकसलं नाही.

संध्याकाळी नव्या पंपवाल्याने फुटलेला फवारा बदलून रिकाम्या पाइपात पुन्हा पाणी सोडलं. वहिनी स्वतः त्याला बोलवायला आल्या. "वर चल, हवा काढायचीय. छताचं भोक तसंच ठेवलंय मी. शिडी धरते."