नल्लकुंट्याचं दही

माझी पीएचडी दह्यावर आहे हे कळलं की माणसं आधी हसायची. काकांनी तर एका लग्नात भर पंगतीत विचारलं, "शेवटी ताकच घुसळायचं होतं, तर बारावीला एवढे महागाचे क्लास कशाला लावलेस?" माझ्या हातात वाढायचं भांडं होतं आणि त्यात गरम कढी होती. नातं सांभाळायचं म्हणून ती त्यांच्या पानातच वाढली, एवढंच.

प्रोजेक्ट तसा मोठा होता. डॉक्टर, बायोटेकवाले आणि कॉम्प्युटरवाले यांनी एकत्र बसून काहीतरी करावं, अशी हुक्की आमच्या विद्यापीठाला एकदा आली. वैद्यकीय बाजूच्या डॉक्टर मॅडमना बघायचं होतं, की अँटिबायोटिक खाऊन बिघडलेलं पोट घरच्या दह्यानं लवकर सुधारतं का, आणि कोणत्या घरच्या. माझे गाइड सर दह्यातले जिवाणू वेगळे काढणार होते. पुण्याहून आलेला एक कॉम्प्युटरवाला मुलगा त्या जिवाणूंचा डीएनए वाचून कुठलं दही कुठल्या दह्याच्या नात्यातलं ते सांगणार होता. आणि मी? मी घरोघरी जाऊन वाट्या गोळा करणार होते. ह्यालाच संशोधन म्हणतात.

सुरुवात नल्लकुंट्यातल्या आमच्याच गल्लीपासून केली. गल्ली म्हणजे खिचडी आहे. नांदेड-बीदरकडून आलेली आमच्यासारखी मराठी घरं, तेलुगू घरं, कोपऱ्यावर मुसलमान मावशी, सगळ्यांच्या खाला. ह्या सगळ्या बायकांचं कशावर एकमत होईल तर शपथ. पण आपलं विरजण पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, ह्यावर प्रत्येकीचा ठाम विश्वास. कुणाचं सासूबाईंच्या सासूबाईंचं, कुणाचं वरंगलच्या आजीचं. खाला तर म्हणायच्या, "हमारी नानी का दही है बेटा, ऐसा वैसा नक्को समझो." दिवे लागले की विरजण बाहेर द्यायचं नाही हा मराठी घरांचा नियम, त्यामुळे लॅबमधून संध्याकाळी आले की आमच्याच लोकांची दारं बंद. सकाळी पुन्हा जायचं, पुन्हा तीच सासूबाईंची कथा, पुन्हा चहा.

ह्या सगळ्यांत वरचढ माझी आई. लग्नानंतर नांदेडहून बसनं येताना माहेरचं विरजण स्टीलच्या डब्यात घालून मांडीवर धरून आणलं, ही गोष्ट घरी कढी झाली की हमखास व्हायची. डबा कलंडू नये म्हणून तिनं वाटेत पाणीसुद्धा प्यायलं नाही म्हणे. सरांना हे सगळं ऐकून फार आनंद झाला. "वेगळी घरं, वेगळ्या भाषा, वेगळे जिवाणू!" ते म्हणाले.

आणि मग कॉम्प्युटरचं उत्तर आलं.

त्या मुलानं पडद्यावर झाडासारखं चित्र दाखवलं. आमची अख्खी गल्ली एकाच काडीला लटकली होती. "सगळ्या घरांचं दही एकच आहे," तो म्हणाला. सरांनी चष्मा काढून पुसला, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "खरं सांग. एकाच घरच्या दह्यानं सगळ्या नळ्या भरल्यास का?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. भर उन्हात दारोदार फिरले, जिन्यांनी गुडघे दुखवून घेतले, आणि मी घरी बसून नळ्या भरल्या? "शक्यता नाकारता येत नाही," तो मुलगा म्हणाला. शुद्ध, स्वच्छ, इस्त्री केलेलं मराठी. ह्याला कोठीच्या बाजारातल्या गर्दीत भर दुपारी सोडून यावं असं वाटलं. पण गंमत करायची वेळ नव्हती. तपासणी समिती यायची होती. खोटी सॅम्पलं दिली असा शिक्का एकदा बसला, की पीएचडी तर जाणारच, वर पुन्हा कुठल्या लॅबचं दार उघडणार नव्हतं.

घरी येऊन विचार केला, तर उत्तर एकच निघत होतं. ह्या बायका एकमेकींकडून विरजण नेत असणार. एकेकीला गाठून विचारलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. आई तर माझ्यावरच उखडली, "जळ्ळं मेलं तुझं कॉम्प्युटर! माझं विरजण माझ्या माहेरचं आहे."

शेवटी मी डॉक्टर मॅडमना म्हटलं, तुम्हीच या आणि विचारा. आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका येणार होत्या. सर म्हणाले, "बायकांच्यात मी कशाला?" आणि सुटले. मॅडम आल्या, पुण्याचा मुलगा आला. त्याला तिळगुळाची बशी देऊन आईनं स्वयंपाकघरात बसवलं.

माझ्या अकलेचं दिवाळं तिथेच निघालं. चार बायकांसमोर कुठली बाई कबूल करेल की माझं विरजण उसनं आहे? मॅडमनी विचारलं आणि चढाओढच लागली. सासूबाई, आजेसासूबाई, वरंगल, बीदर, नानी, सगळं पुन्हा झालं.

"म्हणजे कुणीच कुणाकडून कधी नेलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"छे हो!"

"कब्बीच नहीं!" खाला म्हणाल्या.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर परवडला असता, कीव होती. मला तिथेच रडू फुटणार होतं. वाणाची ताटली हातात घेऊन मी भिंतीकडे तोंड केलं.

आईनं ते बघितलं. हातातला कुंकवाचा करंडा तिनं खाली ठेवला.

"माझं विरजण अक्कांचं आहे," ती म्हणाली.

अक्का म्हणजे खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई.

"ही झाली तेव्हा पोट फाडावं लागलं," आई मॅडमना सांगायला लागली, पण बघत होती जमिनीकडे. "बरेच दिवस दवाखान्यात होते. सासूबाई बीदरला धाकट्या दिरांकडे. ह्यांना चहासुद्धा करता येत नव्हता, दही कोण लावणार? घरी आले तर भांड्यात बुरशी. माहेरून परत आणावं, तर आई तोवर गेलेली. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं हो माझ्याकडे. मग मागच्या जिन्यानं अक्कांकडे वाटी घेऊन गेले, आणि तेव्हापासून सगळ्यांना माहेरचं म्हणून सांगते. लिहून घ्या काय ते. पण माझ्या पोरीला खोटारडी म्हणू नका."

जन्मभर जे दही आजोळचं म्हणून खाल्लं, त्याचा वंश माझ्या जन्मानंच बुडाला होता. आईचा हात धरावा तर हातात ताटली, आणि ती खाली ठेवायचंही सुचेना.

तेवढ्यात अक्का उठल्या. "अय्यो वदिना! वो दही तुमाराच था ना!"

आईनं मान वर केली.

आपल्या तेलुगू-हिंदीत अक्कांनी जे सांगितलं ते असं. आई नवी सून होती, तेव्हाच अक्कांच्या दह्याला चिकट तार सुटायला लागली होती. माझ्या आजीनं, म्हणजे आईच्या सासूबाईंनी, आईच्या विरजणातली वाटी त्यांना गुपचूप नेऊन दिली. वर शपथ घातली, की सुनेला कळू देऊ नका. का? तर तिचं दही आपल्यापेक्षा चांगलं लागतं हे कळलं, तर ती डोक्यावर बसेल! शपथ ती शपथ. अक्कांनी आजवर तोंड उघडलं नव्हतं.

मग काय, बांधच फुटला. कुणी अक्कांकडून नेलं होतं, कुणी खालांकडून, आणि खालांनी तर भेटेल तिच्याकडून. "नानी का बर्तन है, दही का क्या," त्या म्हणाल्या. पुण्याचा मुलगा तिळगुळाचे हात पुसत बाहेर आला आणि कागदावर बाण काढत सुटला. सगळे बाण फिरून फिरून आमच्या स्वयंपाकघरात येत होते. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आई मात्र अक्कांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती. रडून झालं, पदरानं डोळे पुसले, ताठ उभी राहिली. "बघितलंस? मी कधी खोटं बोलते का? नांदेडचंच आहे!" मग त्या मुलाकडे वळून म्हणाली, "तुमच्या त्या मशीनला सांगा, आधी मला विचारायचं."

पुढे समितीसमोर सरांनी 'एक गल्ली, एक दही' हे असं काही मांडलं, जणू त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. मी मान डोलावली. माझी पीएचडी वाचली होती.

पण मला लक्षात राहिली ती हळदीकुंकवानंतरची सकाळ. मी आजीला, आईच्या आईला, कधी पाहिलं नाही. घरात तिचा एक धड फोटोसुद्धा नाही. आईनं नेहमीसारखी दह्याची वाटी माझ्यासमोर ठेवली, आणि नेहमीसारखं 'आटप लवकर' म्हणायच्या ऐवजी समोर बसली.

"सावकाश खा," ती म्हणाली. "आजीच्या हातचं आहे."