मोहाखाली मुखरूचा सिनेमा

मुखरूला सिनेमावर मत विचारायची वेळच येत नसे, तो न विचारताच देऊन मोकळा व्हायचा. मूल गावच्या टॉकीजमध्ये त्यानं अकरा वर्षं तिकिटं फाडली, एकेक सिनेमा पंधरा-पंधरा वेळा फुकटात पाहिला. पुढे टॉकीज बंद पडलं, तिथं धानाचं गोदाम झालं, पण याचं तोंड कुठलं बंद पडायला! आता मोबाईलवर पाहतो आणि गावभर सांगत फिरतो. हिरो एका हातानं ट्रक अडवतो तो सिनेमा त्याच्या मते निव्वळ बिनडोक, मात्र त्यातला ड्रायव्हर घाबरतो ते अगदी खरं. म्हातारा दोन तास हरवलेली बकरी शोधतो तो सगळ्यात भारी, कारण त्यात कोणी उगाच नाचत नाही. जंगलाच्या सिनेमांवर तर त्याचा फारच राग. वाघ यायच्या आधी डरकाळी फोडतो म्हणे. सांगून यायला तो काय पाव्हणा आहे?

असल्या माणसाचा गावाला वीट यायला हवा होता. पण चैतात मोह पडू लागला की बाया स्वतःहून त्याच्या दाराशी. मोहफुलं भल्या पहाटे वाकून वेचावी लागतात, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. म्हणून मुक्यानं कोणी वेचायचं नाही. मुखरूनं वेचता वेचता मोठ्यानं सिनेमा सांगायचा, आणि एक सीन संपला की आपापल्या झाडाखालून प्रत्येकीनं पाळीनं ‘हो’ म्हणायचं. आधी बुधरी, मग सोनीबाई, मग तिची नवी सून करिश्मा, आणि शेवटी नाल्याच्या अंगाला त्याची बायको रुखमाबाई. चार ‘हो’ आले की पुढचा सीन. यंदा नाल्यापलीकडे पिलांची वाघीण फिरत होती. जाऊ नका म्हणून फॉरेस्टचा गार्ड दोनदा सांगून गेला. पण मोह काय कोणाची वाट पाहतो? बाया जीव मुठीत धरून जातच होत्या.

त्या दिवशी वाटेत करिश्मानं रुखमाबाईला विचारलं, काकू, तुमचा आवडीचा सिनेमा कोणता? तीस वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ती जराशी लाजली आणि म्हणाली, बांगड्या विकणाऱ्या बाईचा. लग्नाच्या वर्षी मुखरूनंच फुकट बसवून दाखवला होता. लेकीला लहानपणीच दुसऱ्याच्या घरी द्यावं लागलेली आई गावोगाव बांगड्या विकत फिरते, आणि एके दिवशी त्या लेकीच्याच हातात बांगड्या भरते, पण मी तुझी माय म्हणून सांगत नाही. एवढं सांगतानाच रुखमाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

मुखरूला कुठं राहवतं! साऱ्यांदेखत त्यानं सुरू केलं, की त्याच्यासारखा रडका आणि बिनबुडाचा सिनेमा दुसरा नाही. माय आहे तर बोलत का नाही, तोंडाला कुलूप होतं का? एक शब्द बोलली असती तर अर्ध्या तासात पिच्चर खतम! बाया हसल्या. करिश्माही हसली.

“ज्याचं कोणी आयकतच नाई,” रुखमाबाई म्हणाली, “त्यानं बोलून काय करावं?”

मग टोपली उचलून ती आपल्या झाडाकडे गेली.

मुखरूनं बकरीचा सिनेमा सुरू केला. पहिला सीन संपला. बुधरीचा हो, सोनीबाईचा हो, करिश्माचा हो. चौथा आला नाही. रुसली असेल, असं म्हणून त्यानं बकरी तशीच पुढे हाकली. दुसरा सीन संपला तरी चौथा हो नाही. आता मात्र बकरी तिथंच राहिली. त्यानं हाक मारली. उत्तर नाही. बाया वेचायच्या थांबल्या, आणि त्या थांबल्या तसं सगळं जंगल एकदम मुकं झालं. झुडपांमुळे तिचं झाड इथून दिसतही नव्हतं. सोनीबाईनं सुनेला जवळ ओढून घेतलं.

मुखरूनं कुऱ्हाड उचलली. जायचं तर बोलत जायचं, एवढं त्याला कळत होतं. पण आयुष्यभर तोंडाचा पट्टा सोडलेल्या या माणसाला त्या घडीला एक सिनेमा आठवेना. हिरो नाही, बकरी नाही, काही नाही. आठवलं ते फक्त बायकोचं पडलेलं तोंड.

“रुखमे,” तो ओरडला, “तुह्या पिच्चरले मी बिनबुडाचा म्हणलो, ते चुकलं माह्यं. चांगला हाये तो. मलेच समजला नाई. तू बोल व, काईबी बोल.”

तो दहा पावलं चालला, थांबला, पुन्हा तेच ओरडला.

“हो,” नाल्याकडून आवाज आला. कोणी गळा दाबून धरल्यासारखा, बारीक.

ती मोहाच्या खोडाला पाठ लावून उभी होती. टोपली उपडी, फुलं सांडलेली. तिनं नुसतं बोट दाखवलं. पंधरा हातांवर नाल्याच्या ओल्या वाळूत पंजे उमटले होते, आणि त्यांत पाणी अजून झिरपत होतं. पहिल्या वेळी ती रुसली होती, हे तिनं नंतर कबूल केलं. दुसऱ्या वेळी वाघीण समोर होती आणि आवाजच फुटत नव्हता. हाका ऐकून वाघीण जराशी थबकली आणि पिलांमागे निघून गेली.

दोन दिवस कोणी जंगलात गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले. मुखरूनं खाकरून घसा साफ केला, तेवढ्यात रुखमाबाई म्हणाली, आज मी सांगीन. आणि बांगड्यावालीचा सिनेमा तिनं पार पहिल्यापासून लावला. मधेच करिश्मा विचारायची, सोनीबाई हळहळायची. मुखरू नाल्याच्या अंगाला, तिच्या झाडाखाली वेचत होता. त्यानं एकदाही मत दिलं नाही.

मधे ती श्वास घ्यायला थांबली. एवढीशीच थांबली असेल. पण मुखरूच्या हातातली फुलं खाली पडली, आणि तो ताडकन उभा राहिला.

“मंग?” तो ओरडला. “मंग काय झालं, रुखमे? सांग ना व!”